मापाची दोरी

विझेउ, २ फेब्रुवारी २०१२

देओलिंदा,

तुझी चिठ्ठी मिळाली. आठ ओळी आणि तीन चुका. अठ्ठेचाळीस वर्षांनी लिहिताना माणसाने निदान कच्चा मसुदा करावा.

आईच्या दफनाला तू आली होतीस हे मला ठाऊक आहे. चर्चमधून बाहेर पडताना मी मान खाली घालून चालत होते, त्यामुळे मला फक्त बूट दिसत होते. शेवटच्या बाकाखाली जाड तळव्यांचे, चिखल वाळलेले चालण्याचे बूट होते. दफनाला तसे बूट घालून येणारी व्यक्ती माझ्या ओळखीत एकच आहे.

तू लिहितेस : "बेनेदिता, तुझ्या आईच्या कपाटात माझी एक दोरी आहे. ती मला यंदा हवी. हा माझा शेवटचा मे. गुडघ्याचे डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी चाललीस तर माझ्याकडे येऊ नकोस. दोरी पाठव, नाहीतर मी येऊन घेते." सांत्वनाचा एक शब्द नाही. आईला जाऊन तीन आठवडे झाले, आणि तुला तिच्या कपाटातील एक दोरी हवी आहे. तिथे दोरी आहे हे तुला माहीत आहे, आणि मला, जी त्या घरात जन्मापासून राहते, माहीत नव्हते.

मी शोधली. ती तिसऱ्या खणात होती, माझ्या भावाच्या, अबीलिओच्या, घड्याळाशेजारी, त्याच्या लष्करी पुस्तिकेच्या खाली. पांढरी सुती दोरी, दोन्ही टोके सुटू नयेत म्हणून निळ्या रेशमाने गुंडाळलेली. ते रेशीम आईचे. त्याच रेशमाने ती चादरींवर घराची आद्याक्षरे भरत असे. याचा अर्थ मी असा लावते की आईने ती तुझ्याकडून काढून घेतली आणि जपून ठेवली, कारण आईने कधीच काही फेकले नाही.

अशी दोरी आपल्या भागात कशासाठी असते, हे आपण दोघी जाणतो. आजारी माणसाची किंवा युद्धावर निघालेल्याची टाळूपासून टाचेपर्यंतची उंची दोरीवर घ्यायची आणि फातिमा गावच्या कुमारी मातेला नवस बोलायचा. मग मे महिन्याच्या यात्रेला तेवढ्याच उंचीची मेणबत्ती घेऊन फातिमापर्यंत पायी जायचे. तेव्हा प्रश्न एकच उरतो : ही उंची कोणाची?

१९६४ च्या मे महिन्यात मी मेंदूज्वराने बेशुद्ध पडले होते. अबीलिओ अंगोलाच्या युद्धातून बारा दिवसांच्या रजेवर आला होता. त्यातले चार दिवस तो घरी राहिला. उरलेले आठ दिवस तो कुठे होता हे कोणालाही कळले नाही. त्याच आठ दिवसांत तू मठाच्या शाळेतून, कोणालाही न सांगता, नाहीशी झालीस. ऑगस्टमध्ये तो मारला गेल्याची तार आली. माझ्या भावाचे घरचे शेवटचे आठ दिवस आम्हाला मिळाले नाहीत. ताप उतरल्यावर आईने मला इतकेच सांगितले : "देओलिंदाचं नाव या घरात नको." मी कारण विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही नव्हते.

दोरी कोणाची ते लिही. मग देण्याचे पाहू.

बेनेदिता


विझेउ, २१ फेब्रुवारी

देओलिंदा,

तुझे पोस्टकार्ड आले. त्यावर समुद्राचे चित्र आणि मागे एवढेच : "मी कशाला सांगू? तुला मोजता येतं ना? शाळेत सगळ्यांच्या चुका मोजायचीस. मोज."

मोजली. वडिलांच्या पोलादी फितीने, जेवणाच्या टेबलावर, तीन वेळा. तिन्ही वेळा एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर. मग मी कोठीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले, डोक्यावर लॅटिनचा मोठा शब्दकोश आडवा धरला आणि पेन्सिलीने खूण केली. दोरी माझ्या खुणेच्या दोन बोटे वर जाते. म्हणजे ती माझी नाही. मी स्वतःला वगळायला विसरेन असे तुला वाटले असावे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

त्यानंतर अबीलिओची लष्करी पुस्तिका उघडली. उंची : एकशे चौसष्ट. सुती दोरी अठ्ठेचाळीस वर्षांत एक सेंटिमीटर आटणे मला मान्य आहे.

तेव्हा असे झाले. तू त्याची उंची घेतलीस. उंची घेताना माणूस स्थिर उभा राहतो आणि घेणारा त्याच्या इतका जवळ असतो की श्वास ऐकू येतो. हे कोणत्या खोलीत झाले ते मी विचारणार नाही. तू नवस केलास. मेणबत्ती मात्र दिली नाहीस. दिली असतीस तर आज दोरी मागितली नसतीस. आणि तो परत आला नाही. मी चाळीस वर्षे लॅटिन शिकवले, असल्या कार्यकारणभावावर माझा विश्वास नाही. पण तुझा आहे, आणि तू ते ओझे घेऊन जगत आलीस, असे मी समजते.

लोक तुझ्याबद्दल फार गोड बोलतात. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत बत्तीस वर्षे पाय धुतलेस, दर मे महिन्यात चालतेस, वाटेत यात्रेकरूंच्या तळव्यांचे फोड, पाणी निघून जावे म्हणून, सुई-दोऱ्याने शिवतेस. रेडिओवरील तुझी मुलाखत मी ऐकली. निवेदिकेने विचारले, "दोना देओलिंदा, इतकी वर्षं का चालता हो?" तू हसलीस. म्हणालीस, "एक काम राहिलंय ना, बाई." तिला ते विनोदी वाटले. मला वाटले नाही. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. ज्या मुलीचे अक्षर एकाएकी फार सुबक होते, तिने काहीतरी लपवलेले असते. इतका चांगुलपणा विनाकारण नसतो.

दोरी माझ्याकडे आहे.

बेनेदिता


विझेउ, १९ मार्च

देओलिंदा,

तू उत्तर दिले नाहीस, म्हणून मी स्वतः चौकशी केली. सिस्टर आसुन्ता अजून जिवंत आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि मठाच्या वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसून शेंगा सोलतात. त्यांनी मला नावाने ओळखले नाही, शाळेतल्या कपड्यांवरच्या क्रमांकाने ओळखले.

"सत्तावीस! ये, ये. पाठ ताठ ठेवतेस ना अजून?"

"ठेवते, सिस्टर."

"दिसत नाही तसं. वाकलीस गं."

त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून मी दुरुस्ती केली नाही.

मी विचारले, देओलिंदाला शाळेतून का काढले? तुला क्रमांक नव्हता, हे मला तिथे बसल्यावर आठवले. फुकट शिकणाऱ्या मुलींना क्रमांक नसायचा. तू जेवणघरात आम्हाला सूप वाढायचीस, आणि सगळ्यांचे झाल्यावर उभ्यानेच जेवायचीस.

"पाववाल्याची पोर ना? सोळा मेच्या सकाळी दारात उभी. मोजे पायाच्या कातडीला चिकटलेले, रक्त वाळून टणक झालेलं. मी म्हटलं, कुठे होतीस? 'फातिमाला, सिस्टर. चालत गेले होते.' कुणाला विचारून? कुणासाठी? म्हणते, 'ते मी नाही सांगायचं.' मग मी म्हटलं, हे दारही तुझं नाही." सिस्टरनी पुढची शेंग सोलायला घेतली. "तरुण होते गं मी. तरुणपणी दार लावून घ्यायला फार आवडतं माणसाला."

"तिची बाजू घ्यायला कोणी आले होते?"

"तुझी आई आली होती की! दुसऱ्याच दिवशी, हातमोजे, टोपी, सगळं घालून. मला वाटलं, बाई पोरीसाठी शब्द टाकणार. तर ती तुझ्या परीक्षेची तारीख पुढे ढकलून घ्यायला आलेली. जाताना दारात थांबली. म्हणाली, 'ती मुलगी काही बोलली का?' मी म्हटलं, नाही. म्हणाली, 'बरं.'"

'बरं.' हा एक शब्द मी घरी येईपर्यंत तपासत होते. माझा निष्कर्ष असा : आईला अबीलिओचे नाव चारचौघांत यायला नको होते. मुलगा युद्धावर परत जाणार होता. कोणत्याही आईने हेच केले असते.

तू म्हणशील, फातिमापर्यंत चालून सोललेले पाय हा पुरावा आहे की मी अबीलिओबरोबर नव्हते. तो पुरावा नाही. दोघांनीही चालता येते.

दोरी तुला मिळणार नाही. गुड फ्रायडे झाला की दुसऱ्या दिवशी बागेतील पाचोळ्याबरोबर मी ती जाळणार आहे. त्याआधी काही सांगायचे असेल तर सांग. मागाहून मला कोणी सांगितले नाही अशी तक्रार मी करणार नाही, आणि तूही करू नकोस.

बेनेदिता


विझेउ, १७ एप्रिल

देओलिंदा,

"जाळ. पण जाळायच्या आधी एकदा अंगाला लावून बघ." हे तुझे कार्ड पवित्र सप्ताहात आले. मी दोरी अंगाला लावून पाहिली होती आणि तसे तुला कळवलेही होते, त्यामुळे तुझे वाक्य मला उद्धट वाटले. शनिवारी पाचोळा जाळला. दोरी मात्र खिशातच राहिली. का, ते मी सांगू शकत नाही. तेव्हा सांगू शकले नसते, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

काल मी ओळखपत्र नवे करून घ्यायला नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीमागे तेल्मो होता. टक्कल, चष्मा, कमरेला पट्टा नाही. याला मी एकदा लॅटिनमध्ये नापास केले होते. त्याला ते आठवत होते, हे त्याच्या नम्रतेवरून कळले.

"बाई, या यंत्रापाशी उभ्या राहा. टाचा मागे. हनुवटी सरळ. हां. एकशे एकोणसाठ."

"तुझे यंत्र चुकते आहे."

"बाई, यंत्र सरकारचं आहे. ते चुकलं तरी बरोबरच असतं."

"माझ्या जुन्या कार्डावर काय आहे?"

त्याने ते उलटून पाहिले. "एकशे त्रेसष्ट."

मी म्हटले, पुन्हा मोज. त्याने पुन्हा मोजले. मी बूट काढले होते, केसांची गाठ सोडली, खांदे मागे घेतले. एकशे एकोणसाठ. मागे रांगेत कोणीतरी खोकले.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. सगळेच आटतात. सकाळी एक आजोबा येऊन गेले, सहा सेंटिमीटर कमी. म्हणाले, बायकोनं घेतले."

"पुन्हा मोज, तेल्मो."

"मीही तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, बाई, पुन्हा तपासा," तो म्हणाला. आणि तरीही त्याने तिसऱ्यांदा मोजले.

ते कार्ड मी चाळीस वर्षे पाकिटात बाळगले. त्यावरचा पत्ता वाचला, तारीख वाचली. उंची वाचायचे काही कारण नव्हते. स्वतःची उंची माणसाला माहीत असते.

घरी आले. कोठीच्या दारावर माझी फेब्रुवारीतील पेन्सिलीची खूण आहे. फितीने जमिनीपासून मोजली : एकशे एकोणसाठ. तेव्हा मी दोरी मोजली होती, अबीलिओची पुस्तिका वाचली होती, आणि स्वतःला फक्त दोरीशी ताडून पाहिले होते. आकडा घेतला नव्हता. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी अर्धे गुण कापले असते. 'दोरी अठ्ठेचाळीस वर्षांत आटणे मला मान्य आहे', असे मी तुला लिहिले. दोरी आटली नव्हती, देओलिंदा.

ती माझी आहे.

त्यानंतर मी त्या टोकांवरचे निळे रेशीम पाहत बसले. जप्त केलेल्या दोरीची टोके कोणी रेशमाने बांधत नाही. जो दोरी कापतो तो टोके बांधतो, सुटू नयेत म्हणून, कारण त्या मापाने अजून काही करायचे असते. मी बेशुद्ध असताना माझ्या खोलीत आईखेरीज कोणालाही येऊ देत नव्हते. डॉक्टरांची तशी ताकीद होती. तू त्या खोलीत आली नव्हतीस. मी हे कित्येकदा उलटसुलट करून पाहिले आणि प्रत्येक वेळी मला नको असलेल्याच ठिकाणी पोहोचले.

मला संपूर्ण सांग. चुकांची पर्वा करू नकोस.

बेनेदिता


विझेउ, २७ एप्रिल

देओलिंदा,

तुझी चार पाने आली. मी ती प्रथम उत्तरपत्रिकेसारखी वाचली, शिसपेन्सिल हातात घेऊन. दोन दिवस मी ती खोटी ठरवण्याचा प्रयत्न केला. माझी सवय तुला ठाऊक आहे. ज्या ओळींवर मी खूण केली, त्या इथे उतरवते, म्हणजे मी काय वाचले याबद्दल तुला शंका राहू नये.

"तुझ्या आई, दोना ओलिंपिया, जेवणघरात आल्या तेव्हा मी सुपाचं भांडं घासत होते. त्या कधी तिथं आल्या नव्हत्या. म्हणाल्या, पोरी, डॉक्टर म्हणतात बेनेदिता रविवार काढणार नाही. तिचं माप दोरीवर घेऊन मी नवस बोललेय, पायी जाण्याचा. पण माझे पाय असले. आणि मुलीला सोडून कशी जाऊ? तुझे पाय चांगले आहेत. तू माझ्या जागी चाल. बारा तारखेला मी मोटारीनं मेणबत्ती घेऊन तिथं येते. सिस्टरना मी सांगते, तू काळजी करू नकोस. मी म्हटलं, बरं, बाईसाहेब. मला तर आनंदच झाला. तुझ्यासाठी काय करू, काय करू असं झालं होतं, आणि कुणी काही करू देत नव्हतं."

"बाराला मी पोचले. चॅपलच्या खांबाशी उभी राहिले, म्हणजे मोटारीतून उतरल्या की दिसेन. तेरा झाली. लोक मेणबत्त्या घेऊन गुडघ्यांवर जात होते. माझे हात मोकळे. एका बाईनं विचारलं, तुझी कुठे गं? म्हटलं, येतेय. चौदाला पाव संपला, तेव्हा निघाले. परतीत शेवटचा टप्पा बटाट्याच्या ट्रकमधून."

"परत आले तर कळलं, तेराच्या सकाळी तुझा ताप उतरला. म्हटलं, झालं तर मग. शाळा गेली त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोना ओलिंपियांना भेटायला मागच्या दारानं गेले. म्हणाल्या, आता बरी झाली ना ती? पुढच्या वर्षी पाहू. दोरी मागितली तर म्हणाल्या, ती माझ्या मुलीची आहे. मग ऑगस्टमध्ये अबीलिओ गेला. तुझ्याजवळ एक आईच राहिली. तीही मी तुझ्याकडून काढून घेऊ का?"

"आणि अबीलिओ ते आठ दिवस कुठे होता ते देवाला ठाऊक. मला तो ओळखतसुद्धा नव्हता गं. मला सूपवाली म्हणायचा."

"अर्धा नवस चालत नाही, बेनेदिता. मेणबत्ती त्या मापाचीच लागते. माप नव्हतं, म्हटलं, निदान पाय तरी दरवर्षी नेऊन दाखवावेत. वाटेत बघितलं, लोकांचे पाय फुटलेले, बघायला कुणी नाही. मग सुई-दोरा घेऊन जायला लागले. यात संत होण्यासारखं काही नाही. रस्त्यावर होतेच."

हे वाचल्यावर मी काय केले ते लिहिते. मोटार मे १९६४ मध्ये चालू होती का, हे वडिलांच्या कागदांत शोधले. चालू होती. आई बारा तारखेला आजारी होती का, हे तिच्या रोजनिशीत पाहिले. नव्हती. त्या पानावर लिहिले आहे : 'शिवणाऱ्या बाई आल्या होत्या.' आई आयुष्यात एकदाही फातिमाला गेली नाही. मी ती तिची अभिरुची समजत आले. गर्दीचा धर्म तिला आवडत नाही, असे मी लोकांना अभिमानाने सांगत असे.

आईबद्दल मी यापुढे काही लिहिणार नाही. ती अडीच वर्षे अंथरुणावर होती आणि मी तिला भरवत होते. माझ्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा आत्ता करू नकोस.

पण एक गोष्ट माझ्या खात्यातली आहे, तिच्या नव्हे. तिने मला एक वाक्य सांगितले होते : नाव नको. बाकी सर्व मी स्वतः लिहिले. खोली, श्वास, तुम्हा दोघांचे चालणे. अठ्ठेचाळीस वर्षे मी ते इतके नीटनेटके ठेवले की त्यात कुठे खाडाखोड दिसू नये.

दोरी टपालाने पाठवत नाही. यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नकोस. ती चूक या पत्रव्यवहारात एकदा झाली आहे.

बेनेदिता


मोर्तागुआ, अग्निशामक दलाचे सभागृह, ८ मे, संध्याकाळ

देओलिंदा,

माझा क्रमांक एक्केचाळीस आहे. तुझ्या मदतनिसाने तो एका चिठोऱ्यावर लिहून दिला आणि भिंतीशी बसायला सांगितले. आत्ता तुझ्यासमोर चौतिसावा आहे. तू माझ्यापासून वीस पावलांवर, ठेंगण्या स्टुलावर बसली आहेस आणि मला पाहिले नाहीस. तू कोणाचाच चेहरा पाहत नाहीस, हे मी पाऊण तास पाहते आहे. पाय मांडीवर येतो, तू त्याच्याशी बोलतेस, पाय जातो, दुसरा येतो.

मी विझेउहून काल पहाटे यात्रेकरूंच्या शेवटच्या गटाबरोबर निघाले. गाड्यांना दिसावे म्हणून सगळ्यांना देतात ते पिवळे जाकीट अंगात. या रंगाबद्दल माझे मत तुला माहीत असेलच. तोंदेलापर्यंत ठीक होते. आज निलगिरीच्या रानातून उतरताना डाव्या टाचेला काय झाले ते तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. गटात एक जाडजूड कसाईणबाई आहे, ओलेगारिया. तिने मला पहिल्याच थांब्यावर हेरले.

"पहिल्यांदा ना, सेन्योरा? मोजे उलटे घाला. शिवण बाहेर, मऊ बाजू आत."

"मोजे सुलट घालण्यासाठी शिवलेले असतात."

"चला मग सुलट. संध्याकाळी भेटू."

संध्याकाळी भेटलो. ती आत्ता माझ्याशेजारी बसून मक्याचा पाव खाते आहे आणि दर पाच मिनिटांनी माझ्या टाचेकडे पाहून समाधानाने मान हलवते आहे.

तुझा आवाज इथपर्यंत ऐकू येतो. एका ट्रकवाल्याने सुई पाहून ओरडा केला, तेव्हा तू म्हणालीस, "बायकोनं तीन पोरं काढली तुझ्या, तेव्हा बाहेर सिगारेट ओढत होतास ना? मग आता गप बस." सगळे सभागृह हसले. मीही हसले. हे नमूद करते, कारण याचा अन्य साक्षीदार फक्त ओलेगारिया आहे आणि तिच्या तोंडात पाव आहे.

मी हे तोंडी सांगू शकणार नाही, म्हणून लिहीत आहे. माझा पाय तुझ्यासमोर येईल तेव्हा हा कागद तुझ्या पिशवीत टाकीन.

मेणबत्ती मी करून घेतली. विझेउच्या मेणबत्तीवाल्याकडे दोरी घेऊन गेले. त्याने ती फळीवर ताणली, मग माझ्याकडे पाहिले. "सेन्योरा, नवस तुमचाच ना? ही तुमच्यापेक्षा उंच होईल. तुमच्या मापाची करू का? मेणही वाचेल." मी म्हटले, दोरीच्या मापाची. त्याने खांदे उडवले. एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर. मी त्याच्या दुकानात तीन वेळा मोजली. ती गटाच्या सामानाच्या गाडीत आहे, आईच्या भरतकामाच्या चादरीत गुंडाळलेली, निळी आद्याक्षरे बाहेरच्या बाजूला.

अडतीस.

तुझ्याकडे मागायचे म्हणून मी वाटेत बरेच शब्द जुळवले होते. माझी वाक्यरचना कधी इतकी वाईट झाली नव्हती. तेव्हा ते राहू दे. एवढेच विचारते. त्या खांबापाशी, बारा तारखेला, तू जिथे उभी होतीस, ती जागा तुला अजून ओळखता येते का? येत असेल तर तिथूनच सुरुवात करू. यंदा तुझे हात मोकळे नसतील.

एकोणचाळीस. ओलेगारिया म्हणते आहे, "सेन्योरा, परीक्षा आहे का? लिहिणं थांबवा, पाय पुसा."

दोरी मी डाव्या घोट्याला बांधली आहे. वेटोळे बरेच झाले आहेत, पण निळी टोके वर येतील असे पाहिले आहे. तू माझा चेहरा पाहणार नाहीस, हे लक्षात आल्यावर मला दुसरा मार्ग सुचला नाही. ती पाहिलीस की काही बोलू नकोस. आधी फोड शिव. माझ्यामागे अजून सहा जण ताटकळत आहेत आणि त्यांचा काही अपराध नाही. नंतर दोरी सोडून घे. ती तुझी आहे, तू पहिल्या चिठ्ठीत लिहिले होतेस तशी. त्या वाक्यात चूक नव्हती.

उद्यापासून चार दिवस चालायचे आहे. मेणबत्ती जड आहे. मी ती एकटीने उचलून पाहिली. मध्ये वाकते, मोडेलशी वाटते. तिला दोन टोकांना दोघी लागतात.

एक्केचाळीस पुकारले.

बेनेदिता